गुबऱ्याचा काठोकाठ वाडगा

मित्रांनो, मी एक जुना चिनीमातीचा वाडगा आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी पक्का जळकुकडा आहे. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं.

माझा जन्म भट्टीत झाला. मला घडवणाऱ्या कारागिराने माझं बूड मुद्दाम जड ठेवलं, कुणी नाकाने ढकललं तरी मी उलटू नये म्हणून. त्याच्या अंगठ्याचा ठसा अजून माझ्या बुडाशी आहे. पुढे एक मुलगी बाबांबरोबर दुकानात आली. मला उचलून म्हणाली, "बाबा, हाच! गुबऱ्याला हाच शोभेल." गुबऱ्या म्हणजे त्यांचा राखाडी ससा. तेव्हापासून चार वर्षं त्याचं माझ्यावाचून पान हलत नव्हतं.

काय थाट होता माझा! मी रिकामा दिसलो की त्या घरात कुणाला राहवायचं नाही. सकाळी आई माझ्यात सशाच्या खाद्याच्या गोळ्या ओतायची. दुपारी बाबा ओतायचे, कारण आईने ओतल्या होत्या हे त्यांना ठाऊक नसायचं. मुलगी तर शाळेतून आली की दप्तर ठेवायच्या आधी मला भरायची. मी सदा काठोकाठ. शेजारच्या टोपलीत सुकं गवत असायचं, पण गुबऱ्या तिकडे ढुंकूनही बघायचा नाही. मला मनातून गुदगुल्या व्हायच्या.

एके दिवशी मात्र गुबऱ्या आला, मला हुंगलं आणि पाठ फिरवून बसला. दुसऱ्या दिवशीही तेच. त्याची हनुवटी लाळेने ओली झाली होती. त्याला लगेच डॉक्टरांकडे नेलं. परत आला तो एका नव्या पाहुणीला घेऊन. प्लॅस्टिकची, हडकुळी, अंगावर आकडे. सिरिंज म्हणे!

"त्याच्या दाढा वाढून गालात टोचत होत्या," आई मुलीला सांगत होती. "डॉक्टरीणबाईंनी त्या घासल्यात. पण पोट चालू राहिलं पाहिजे. तो आपणहून खाईपर्यंत दर तीन तासांनी भरवायचं. पोट थांबलं तर..."

औषधी पीठ कोमट पाण्यात कालवायला मलाच घेतलं. म्हटलं, चला, आले आपले दिवस! कुठलं काय! कालवायचं माझ्यात आणि भरवायचा मान त्या बयेचा. माझा नुसता तिळपापड झाला.

गुबऱ्याला टॉवेलात गुंडाळून बाबांनी मांडीवर घेतलं आणि सिरिंज एकदम दाबली. गुबऱ्याने मान झटकली, सगळा लगदा बाबांच्या चष्म्यावर. जिरली त्या बयेची, मी मनात म्हटलं.

"अहो बाबा, घाई नका ना करू," मुलगी म्हणाली. "गालाच्या कडेने, थोडं थोडं. आधी त्याला गिळू द्या."

मग घास जाऊ लागले. कुणी शाबासकी दिली तर त्या सिरिंजलाच. "ही होती म्हणून बरं!" माझ्याकडे कुणी बघेना. मी कोपऱ्यात, वाळलेला लगदा अंगावर घेऊन.

आता सांगायला लाज वाटते ते सांगतो. तिसऱ्या दिवशी सिरिंज घरंगळून कपाटाखाली गेली. मला ती दिसत होती. आणि मित्रांनो, मला आनंद झाला! घरभर शोधाशोध सुरू झाली. भरवायची वेळ टळली. गुबऱ्या पाठीला कुबड काढून, डोळे अर्धे मिटून बसला होता. त्याचं पोट दुखत होतं. ते पाहून माझा आनंद कुठल्या कुठे गेला. सापडू दे रे बाबा ती, एवढंच मी म्हणत राहिलो.

शेवटी आईने झाडू घालून ती बाहेर काढली. मुलगी रडतच होती. "पण दाढा वाढल्याच कशाने गं?"

"आपल्यामुळेच," आई म्हणाली. "सशाच्या दाढा गवत चावून झिजतात. आपण तिघं हा वाडगा भरत राहिलो. मग गवताला त्याच्या पोटात जागा कुठे उरली?"

मी गारच पडलो. ज्या भरलेपणाचा मला एवढा तोरा, त्यानेच माझ्या गुबऱ्याला आजारी पाडलं होतं. आणि जिच्या नावाने मी बोटं मोडत होतो, ती त्याला जगवत होती.

पाचव्या दिवशी गुबऱ्या टॉवेलातून सुटला आणि थेट माझ्याकडे आला. माझा जीव सुपाएवढा झाला. त्याने माझ्या काठावर पाय ठेवला, मान लांब केली आणि पलीकडच्या टोपलीतून गवताची एक काडी ओढली. कुर्रम! मग दुसरी. बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मुलगी टाळ्या पिटत आईला हाका मारू लागली.

आता सिरिंज धुऊन-पुसून खणात असते. माझ्यात रोज दोनच चमचे गोळ्या पडतात, तेही फक्त आईच्या हातून. मित्रांनो, कुणावर माया असेल तर त्याला काय मानवतं ते आधी जाणत्या माणसाला नीट विचारून घ्या. रिकामा वाडगा दिसला की भरायला धावू नका. त्या टोपलीवर मी अजूनही जळतो, खोटं कशाला बोलू? पण सकाळी तिकडून कुर्रम कुर्रम ऐकू आलं नाही, तर माझ्या जिवाला चैन पडत नाही.