शिसवावरची रेघ

शहात्तर साली आमच्या भवानी पेठेतल्या घरी माझी नात मनकर्णा बाळंत झाली आणि घराण्यात कितीतरी वर्षांनी मुलगी जन्मली. मी त्याच दिवशी जाहीर केले, की माझी ही पणती शिसवी पाळण्यातच निजेल. सासऱ्यांनी जपून ठेवलेली शिसवाची एक लांबरुंद फळी माळ्यावर होती. अंधारासारखी काळी आणि हात फिरवावा तर रेशमासारखी.

मनकर्णाच्या सासूबाई सोजरबाई केम गावाहून बाळ पाहायला आल्या होत्या. त्यांनी फळी नीट न्याहाळली.

"आत्याबाई, लाकूड लई देखणं हाय. पण बारसं तोंडावर आलंय. बाजारात लोखंडी पाळणं मिळत्यात की, चाकंबी असत्यात त्यांना."

"चाके गाडीला शोभतात, विहीणबाई," मी म्हणाले.

बोलून बसले खरी, पण फळी ती एकच. करवत एकदा वाकडी गेली असती, तर पाळणाही गेला असता आणि चारचौघांत दिलेला माझा शब्दही.

अक्कलकोटकडचा सिद्धाप्पा सुतार आला. फळीची पूजा करून मी तिच्यावर हळदीकुंकवाची बोटे ओढली आणि काम सुरू झाले. त्याने कानामागची पेन्सिल काढून रेघ मारली. ती त्याची त्यालाच सापडेना. कावेत भिजवलेली दोरी फळीवर ताणून टिचकी मारली, तर तांबडी रेघ त्या लाकडाने गिळून टाकली. खडूची रेघ दिसली, पण ती एवढी जाड, की तिच्या कोणत्या कडेने कापायचे हाच प्रश्न.

"अव्वा, खिळ्यानं ओरखडा काढू काय?"

"आणि तो बाळाच्या गालाला लागला म्हणजे?"

त्याने खिळा मुकाट्याने खिशात घातला. इतक्यात माझे लक्ष पूजेच्या बोटांकडे गेले. कुंकू लाकडात हरवले होते. हळद मात्र उंबऱ्यापासून दिसत होती.

"दोरी हळदीच्या पाण्यात बुडव," मी आज्ञा केली.

टिचकीसरशी काळ्या फळीवर पिवळीधमक रेघ उमटली. सोजरबाई लगेच म्हणाल्या, "फळीला हळद लागली, आत्याबाई! आता नवरदेव बघा."

मी हसणार, तेवढ्यात पाहते तो रेघेचे टोक नाहीसे झालेले. सिद्धाप्पाने नुकतीच तंबाखू मळली होती. चुन्याच्या अंगठ्याने त्याने दोरी धरली आणि तेवढ्या हळदीचे लाल कुंकू झाले. करवत नेमकी तिथूनच लावायची होती.

"अंदाजानं कापतो की," म्हणत त्याने करवत उचलली.

"खाली ठेव! अंदाजाने आमटीत मीठ घालतात. जा, साबण लावून हात धुऊन ये."

तो हात घासून आला आणि ओल्याच हातांनी पुन्हा दोरी ताणली. पुन्हा टोक लाल! हळदीचे डाग साबणाने लाल होतात, हे रोज लुगडी धुणाऱ्या आम्हा तिघींपैकी, म्हणजे मी, सोजरबाई आणि माझी सून वच्छला यांच्यापैकी, एकीलाही आठवू नये? सोजरबाईंनी तोंडात पदर कोंबला.

"अव्वा," सिद्धाप्पा रडवेला होऊन म्हणाला, "आता हात कशानं धुवू?"

तेव्हा वच्छला आपल्या शिवणाच्या टोपलीतून वाळलेल्या साबणाची एक चिपटी घेऊन आली. तिने सुरीने तिची कड तासली आणि फळीच्या कोपऱ्यावर ओढली. केसासारखी बारीक, पांढरी, स्वच्छ रेघ! ओल्या फडक्याने पुसली, तर मागमूसही उरला नाही.

"काळा खण बेतताना मी यानंच खुणा करते, सासूबाई."

"मग सकाळपासून तोंडात काय धरले होतेस?"

"तुम्ही हुकूम सोडत होता. मध्ये कोण बोलणार?"

आता सोजरबाईंच्या तोंडात पदरही मावेना. त्यांचे हसू पाहून मलाही हसू आवरले नाही. मी चिपटी सिद्धाप्पाच्या हातात दिली. त्याने आधी ती कपाळाला लावली, मग सरळ रेघा आखल्या आणि शेवटी महिरपीची वळणेही काढली. करवत त्या रेघांवरून मुंग्यांच्या रांगेसारखी चालली.

बारशाच्या दिवशी पाळणा झेंडूच्या माळांनी सजला. बाळाला आत ठेवताना सोजरबाईंना तळाच्या फळीवर कोपऱ्यात पिवळी रेघ आणि तिच्या टोकाशी अंगठ्याचा पुसट लाल ठसा दिसला.

"आत्याबाई, हे पुसायचं ऱ्हायलं की."

"राहिले नाही, राखले आहे. लेकीच्या पाळण्यात हळदही आहे आणि कुंकूही. ते कोण पुसणार?"

सोजरबाईंनी पाळण्याला एक झोका दिला, मग दुसरा. बाळ जांभई देऊन निजले. बायकांचे गाणे संपल्यावर त्या हळूच माझ्याजवळ सरकल्या.

"आत्याबाई, ह्यो पाळणा सुटा हुतो का? केमला न्यायचा म्हंते मी. रेल्वेत चढंल का?"

त्या प्रश्नाची मी मनातल्या मनात कधीपासून वाट पाहत होते. पदर सावरून मी म्हणाले, "चढेल की. पण विहीणबाई, बाजारात लोखंडी मिळतात म्हणे. चाकेही असतात त्यांना."