पहिला नंबर

आंजीच्या ऑटो स्टँडवर सकाळचा पहिला नंबर त्याचा, ज्याचं इंजिन आधी गुरगुरेल. हा कायदा बापूजींनीच तीस वर्षांपूर्वी दोघांचे दात पाडून बसवला होता. त्यांच्या पेट्रोल ऑटोची गुरगुर थेट वर्ध्यापर्यंत ऐकू जाते, असं ते स्वतःच सांगत.

त्या दिवशी धीरजची नवी बॅटरीवाली ऑटो पुढं उभी होती आणि वर्ध्याच्या सवाऱ्या तिच्यातच चढल्या. बापूजींनी हँडलमागं बसलेल्या धीरजची कॉलर धरली.

“इंजिन बोललंच नाई, मंग नंबर कसा बे तुया?”

“गाडी चालूच हाय, बापूजी. बाजूले व्हा.”

“मले शिकवून राह्यला?” बापूजींनी पान्हा हाणला. धीरजचा ओठ फाटला, रक्त शर्टावर उडालं. सवाऱ्या उड्या मारून पळाल्या. बापूजींना मात्र रक्त नको होतं, नंबर हवा होता. त्यांनी चाकापुढं पाय रोवला. “मुकी गाडी बंदच असते!”

पुढच्या ठोशाला धीरज हँडलवर आदळला आणि रेस पिळली गेली. गाडीनं हूं की चूं केलं नाही. बापूजींची नडगी मात्र अशी कडाडली, की पिंपळावरचे बगळे उठून पार रोहणा गावात जाऊन बसले.

धुळीत पडल्या पडल्या बापूजी ओरडले, “चालू हाय रे, चालू हाय! नंबर तुयाच!”

धीरजनं त्यांना उचलून मागच्या सीटवर टाकलं आणि गाडी वर्ध्याच्या दवाखान्याकडे काढली. दिवसाची पहिली सवारी रस्ताभर त्याच्या पाठीत बुक्क्या घालत होती.