उलट्या चामड्याचे बूट

नारायण पेठेतल्या ज्या मंगल कार्यालयात आमचा नाचाचा वर्ग भरायचा, त्याच्या दारावर पाटी होती: 'पादत्राणे येथेच काढावीत. हरवल्यास कार्यालय जबाबदार नाही. सापडल्यासही नाही.' लग्न नसेल त्या रविवारी सकाळी शंभू सर तो हॉल भाड्यानं घेत आणि आम्हाला वॉल्ट्झ शिकवत. जोडीनं, ताठ राहून, गोल फिरत करायचा नाच. वर्गात सोळा जण हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतले, आणि सतरावी मी. रतन, वय एक्कावन्न, टेलिफोन खात्यात कारकून. जाहिरातीत 'वयाची अट नाही' असं छापलं होतं. त्यांनी ते सहज छापलं असेल, मी खरं धरलं.

मला नाचायचं होतं, बस. पुरुष माणूस पन्नाशीत गड चढायला निघतो तेव्हा त्याला कोणी कारण विचारत नाही, उलट डबा करून देतात. मला मात्र सोसायटीच्या जिन्यात चौथ्या मजल्यापर्यंत प्रत्येकानं कारण विचारलं.

जोडीला कोणी नसल्यानं मी सरांबरोबरच नाचत असे. तिसऱ्या रविवारी मोजे घालून गिरकी घेतली आणि थेट नवरा-नवरीच्या स्टेजच्या पायरीवर बसले. सरांनी हात दिला, पण चेहरा गंभीर होता.

"रतनताई, अनवाणी पाय फरशीला चिकटतो आणि गुडघा पिरगळतो. मोज्यांनी काय होतं ते बघितलंत. पुढच्या बॅचमध्ये सगळ्या गिरक्याच आहेत. येत्या रविवारी बूट घालून एक पूर्ण फेरी मारून दाखवा. नाही जमलं तर मी तुम्हाला पुढे घेणार नाही."

घरी हे सांगितलं तर शुभंकर, माझा मुलगा, लॅपटॉपमधून मानही वर न करता म्हणाला, "आई, तुमच्या वर्गातली चैताली आमच्याच प्रोजेक्टवर आहे. ती सांगत होती तू पडलीस ते. ऑफिसमध्ये सगळ्यांना कळलंय. प्लीज, एक तर बंद कर, नाहीतर मी तुला इम्पोर्टेड शूज घेऊन देतो. तिचे साडेचार हजारांचे आहेत."

"तुझ्या पैशाचे बूट घातले की पावलंही तुला विचारून टाकावी लागतील," मी म्हटलं. "माझे मी बघते."

आमचे हे, म्हणजे वैजनाथ, तिथंच पेपर वाचत होते. चिंचवडच्या कारखान्यानं पाच वर्षांपूर्वी हातात चेक देऊन घरी पाठवल्यापासून ते एकूणच कमी बोलतात. फक्त दर शनिवारी रात्री बुटांना पॉलिश करायची त्यांची सवय सुटलेली नाही. कुठं जायचं नसलं तरी करतात.

नाही म्हणायला लक्ष्मी रोडला एका दुकानात नाचाचे बूट घालून पाहिले. माझा पाय वाशिमच्या काळ्या मातीत अनवाणी वाढलेला, पुढून पंख्यासारखा पसरलेला. विक्रेता म्हणाला, "मावशी, हा पाय या बुटात जायचा नाही." मी म्हटलं, "पाय माझा जुना आहे, तुमचे बूटच बदला." बाहेर आल्यावर मात्र डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

मग सरांना फोन केला आणि सरळ विचारलं, बुटात नेमकं लागतं काय? ब्रँड सांगू नका. सर हसले. म्हणाले, टाच बुटकी आणि रुंद हवी, वरून पट्टा हवा, बोटांपाशी बूट वाकला पाहिजे. पाय आत हलता कामा नये. आणि तळाला सुएड हवं, म्हणजे चामड्याची खरखरीत बाजू बाहेर. ती लागेल तेवढंच घसरते आणि लागेल तिथं धरते.

बुटक्या टाचेचे, पट्ट्याचे, रुंद पायाचे बूट मी दहा वर्षं सासूबाईंच्या आजारपणात बघितले होते. नर्सच्या पायात. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर नर्सचे गणवेश विकणाऱ्या दुकानातून काळी जोडी घेतली, तीनशे दहा रुपयांना. पाय असा आत गेला की जणू वाटच बघत होता.

राहिला तळ. कोथरूडच्या बसस्टॉपजवळ हिंदुराव चांभार बसतात. रबराचा तळ खरवडून उलटं चामडं लावा म्हटल्यावर ते भडकलेच.

"उलटं? अहो बाई, चाळीस वर्षं बसतोय इथं. लोक म्हणतील हिंदुरावाला सुलटं-उलटं कळेना झालं."

"लोक तळवे बघत नाहीत, हिंदुराव. आणि बघितलेच तर माझं नाव सांगा."

शेवटी एका जुन्या पर्सचं चामडं कापून त्यांनी तळ लावला. इतका सफाईदार की मी घरी आल्यावर दोनदा गालाला लावून पाहिला. शुभंकर म्हणाला, "नर्सचे शूज घालून नाचणार तू?" मी म्हटलं, हो.

रविवारी पहाटे पिशवी उघडली आणि मटकन खालीच बसले. दोन्ही तळ आरशासारखे चकाकत होते.

"अहो, हे काय केलंत!"

वैजनाथ चहा घेऊन आले. चेहऱ्यावर समाधान होतं. "खालून चामडं अगदीच राठ होतं. तीन हात दिले पॉलिशचे, मेण घालून. शेजारीपाजारी बघणारे फार. म्हटलं, आपलं माणूस चकचकीत जावं."

मी ओरडले. इतक्या वर्षांत ओरडले नसेन एवढी ओरडले. या तळांनी मी पुन्हा पायरीवर बसणार होते, आणि या वेळी कायमची. शुभंकर दारात येऊन म्हणाला, "जाऊ दे ना आई. राहू दे आता." ते 'राहू दे' ऐकलं आणि माझं रडू तिथल्या तिथं थांबलं. आयुष्यभर मी कितीतरी गोष्टी राहू दिल्या होत्या. बूट हातात घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासायच्या तारेनं तळ घासायला बसले.

"तारेनं फाटेल ते," मागून आवाज आला. वैजनाथ खाली जाऊन स्कूटरच्या डिकीतून प्लग साफ करायचा पितळी ब्रश आणि पॉलिशपेपर घेऊन आले होते. माझ्या हातातून बूट घेतला आणि गॅलरीत मांडी घालून बसले. कारखान्यात साच्यावर हात चालवायचे तसा अलगद, एकाच दिशेनं. चाळीस मिनिटांनी तळ पुन्हा खरखरीत झाला. रंग तेवढा काळपट, डागाळलेला राहिला.

"चल, सोडतो," ते म्हणाले.

कार्यालयाच्या दारात व्यवस्थापक मच्छिंद्रराव नेहमीप्रमाणे खुर्ची टाकून बसले होते. नव्या फरशीवर नाचाचे बूट चालतील, पण त्यांनी रस्ता पाहिलेला नसावा, अशी त्यांची अट होती. म्हणून ते सगळ्यांचे बूट उलटे करून बघत. माझे बघितले आणि बाजूला ठेवले.

"हे रस्त्यावरचे आहेत. तळ बघा. आत नेता येणार नाहीत."

"पिशवीतून आणलेत. जमिनीला लागलेले नाहीत. ते पॉलिश आहे."

"तळाला पॉलिश कोण करतं, बाई?"

"मी," वैजनाथ माझ्या मागून म्हणाले. मला वाटलं होतं, ते खालूनच परत गेले असतील. "मी केलं. चूक माझी आहे, तिची नाही."

आतून सगळे बघत होते, चैतालीसुद्धा. सरांनी घड्याळ बघितलं. मी बूट उचलला आणि तळ मच्छिंद्ररावांच्या नाकासमोर धरला.

"वास घ्या."

"काय?"

"रस्त्याचा वास येतो की पॉलिशचा, ते सांगा. तपासायचंच आहे ना? मग नीट तपासा. मी इथून हलणार नाही."

मच्छिंद्ररावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्यामागे उभ्या वैजनाथांकडे. मग डोळे मिटून वास घेतला.

"पॉलिश," ते म्हणाले, आणि खुर्ची मागे ओढली.

मी पट्टे आवळले आणि उभी राहिले. सरांनी हात पुढे केला. पहिल्या वळणावर तळ हवा तेवढाच घसरला आणि जिथं थांबायला हवं तिथं थांबला. दुसऱ्या वळणावर स्टेजची ती पायरी समोरून गेली. मी तिच्याकडे बघून मान वर केली आणि फेरी पूर्ण केली.

"पुढच्या रविवारी गिरक्या," सर म्हणाले.

दारात वैजनाथ उभे होते. पाटी वाचून त्यांनी स्वतःचे चकचकीत बूट काढून ठेवले होते, आणि उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकलं होतं.

पुढच्या रविवारी पाटीवर नवी ओळ आली: 'नृत्याचे बूट तपासून घ्यावेत. वास घेतला जाणार नाही.' मी मात्र अजूनही बूट मच्छिंद्ररावांच्या नाकासमोरच धरते. आता दोन जोड्या असतात.