भाजलेला फिरोजा

मनोहररावांनी अंगठी चिमट्यात धरली, खिडकीच्या उजेडात फिरवली आणि डोळ्याला भिंग लावून न्याहाळली. समोर स्टुलावर सरिता पदर मुठीत धरून बसली होती. महाल भागातल्या या चिंचोळ्या सराफी दुकानात येण्याआधी ती सदर भागातल्या दोन मोठ्या शोरूमना जाऊन आली होती. तिथल्या लोकांनी खडा धड पाहिलाही नव्हता.

"खरा आहे," मनोहरराव शेवटी म्हणाले. "इराणचा, निशापूरचा फिरोजा. कोणी आणला होता?"

"माझ्या सासऱ्यानं. पण काका, हा निळा होता. हिरवा काहून पडला?"

एवढंच विचारायला ती आली होती, आणि उत्तराच्या धास्तीनं आठ दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

तिचे सासरे देवाजी ऐन उमेदीत चार वर्षं इराणच्या एका बंदरात वेल्डर होते. निघताना निशापूरच्या सोबत्यानं स्वतःच्या बोटातली ही अंगठी काढून त्यांना दिली. छप्पन्न साली दीक्षा घेतलेल्या बापाचा मुलगा, घरात गंडा नाही, दोरा नाही, तिथं खड्याला कोण विचारतो? देवाजींनी ती दोस्ताची आठवण म्हणून ठेवली. पण गोष्टी मात्र रंगवून सांगत. तिकडे घुमटांनाही हाच रंग असतो, लेकरांच्या अंगावर हाच खडा बांधतात, पडू नये म्हणून घोडेस्वार बोटात घालतात. येणारं संकट आधी खड्यावर येतं आणि खडा रंग बदलतो, असं म्हणून ते स्वतःच हसत. सरिता हसली नाही. तिचा नवरा संघपाल लाइनमन. तीस फुटांच्या खांबावर चढणाऱ्या माणसापुढे घोड्याचं ते काय कौतुक? देवाजी गेल्यावर तिनं हट्टानं ती अंगठी नवऱ्याला दिली होती.

तीच अंगठी आठ दिवसांपूर्वी कपाट आवरताना त्याच्या खाकी शर्टांखाली सापडली. कागदात गुंडाळलेली, शेवाळी हिरवी.

चार महिन्यांपूर्वी संघपालचा कामावरचा जोडीदार प्रीतम खांबावर शॉक लागून गेला. तेव्हापासून घराचं काही खरं राहिलं नव्हतं. संघपाल ड्युटीवर जायचा, परत यायचा आणि अंगणात बसून तारांकडे बघत राहायचा. प्रीतम गल्लीतलाच. आला की दारात बूट काढून आपटायचा, आधी एक, मग दुसरा. तो आवाज सरितानं या चार महिन्यांत तीनदा ऐकला होता. तिन्ही वेळा दार उघडलं, बाहेर कोणी नव्हतं. आणि त्यात हा खडा हिरवा. आता आपल्या माणसाची पाळी, असंच तिनं धरून ठेवलं होतं.

"घामानं, तेलानंही हा हिरवा पडतो, बाई," मनोहरराव म्हणाले. "पण सावकाश, वर्षं लागतात. हा तसा नाही. हा भाजला आहे. ही कड पाहा, चांदी वितळून थेंब झाला. एवढी आच चुलीची नसते."

"मंग कशाची?"

"ते मी काय सांगू? ज्याच्या बोटात होती त्याला विचारा."

"माझा माणूस धड आहे," ती घाईनं म्हणाली.

"मग झालं तर. खड्यानं आपलं काम केलं. बिनघोर घरी जा."

ती उठली. पायरीवरच तिचा पाय अडला. अंगठी दिली त्या दिवशी संघपालनं ती घालून वरून रबरी हातमोजा चढवून पाहिला होता. "नाही चढत वं. कोंदण उंच आहे. अन् लाइनीवर धातू चालत नाही," तो म्हणाला होता. मग तिच्या समाधानासाठी त्यानं ती शर्टाच्या खिशात टाकली होती.

आणि प्रीतमच्या उजव्या हातात मोजा नव्हता. कोणीतरी चुकून सप्लाय सुरू केला हे खरं, पण मोजा असता तर तो वाचला असता, असं सगळेच म्हणत. चौकशीच्या कागदात लिहिलं होतं, स्वतःचा निष्काळजीपणा. त्याची बायको दिपाली चार महिने भेटेल त्याला एकच विचारत होती, "त्यायनं मोजा काहून काढला असंन?" सरितालाही तिनं कितीदा विचारलं होतं, आणि सरितानं दर वेळी तिच्या पाठीवर हात फिरवला होता.

सरिता घरी आली तेव्हा संघपाल अंगणातच होता. तिनं अंगठी त्याच्यापुढे धरली.

"प्रीतमच्या बोटात होती ना?"

"हो," तो म्हणाला.

"वादळानं तारा तुटल्या होत्या. त्याचे पाय लटलट कापून राहिले होते. त्यानं मागितली नव्हती वं. मीच काढून दिली. म्हटलं, घाल, काही होत नाही."

"तुमचा तर इस्वास नव्हता."

"माझा नव्हता. त्याचा बसला." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "त्याले खाली घेतलं तेव्हा मीच काढली बोटातून. कोणी पाह्यलं नाही. चौकशीत विचारलं, मोजा कुठं होता. मी म्हटलं, मले माहीत नाही."

सरिताला त्याचा राग येत नव्हता, आणि तेच तिला सहन होईना. खिशात अंगठी ठेवायला लावणारी तीच होती. नवरा वाचावा म्हणून तिनं जे दिलं, त्यानं दुसरीचा नवरा नेला होता.

"दिपालीले सांगा लागन," ती म्हणाली.

"नोकरी जाईन माझी. अन् ती आपलं तोंड पाहणार नाही."

"नाही पाहणार."

तिनं अंगठी मुठीत घेतली, चपला घातल्या आणि निघाली. चौथं घर दिपालीचं. दुपारची वेळ, दार लोटलेलं, आत कुकरची शिट्टी होत होती. सरितानं कडी वाजवली. परत फिरावंसं वाटलं, फिरलीही. मागे संघपाल उभा होता. घरच्या बनियनवर, अनवाणी.

"कोण आहे?" आतून दिपालीनं विचारलं.

सरितानं दाराकडे तोंड केलं.

"आम्ही दोघं आहो," ती म्हणाली.