कुन्नूरचं झाड

पाटोद्याच्या उन्हाळ्यात माणसं तग धरतात हेच पुष्कळ. तिथं थंड डोंगरातलं ऑर्किड जगवायचं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पण वैजिनाथ आप्पांनी तो वेडेपणा तीन वर्षं केला आणि तोंडानं कधी कबूल केला नाही.

झाड लेकीनं धाडलं होतं. शिवकन्या नर्सिंग शिकली, परजातीतल्या सोबत्याशी लग्न करून तिकडे कुन्नूरला नोकरीला गेली, आणि आप्पांनी तिच्याशी बोलणं टाकलं. चार वर्षांनी आईच्या नावानं पार्सल आलं. शेवाळात गुंडाळलेला सालीचा तुकडा, त्यावर तुरीच्या डाळीएवढी पानं. सोबत चिठ्ठी होती, की याला ऊन नको, खारं पाणी नको, रात्री गारवा हवा. उमाबाईंनी चिठ्ठी मुद्दाम मोठ्यानं वाचली. आप्पा घड्याळ दुरुस्त करत होते, त्यांनी मान वर केली नाही.

पण आठ दिवसांत त्यांनी परसात लाकडी खोकं ठोकलं, बाजूंना वाळ्याचे पडदे सोडले, वर ओलं गोणपाट टाकलं. उन्हाळाभर बंकट गारेगारवाल्याकडून संध्याकाळी बर्फाचा तुकडा आणून खोक्याच्या तळाशी ठेवायचे. सेलच्या स्वस्त घड्याळांनी आप्पांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बुडवलंच होतं, त्यामुळे त्यांना वेळच वेळ होता. "तुजं झाड मेलं तर लोक मलाच नावं ठिवतील," असं वर बायकोला ऐकवायचे. दुसऱ्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला मोहरीएवढं पांढरं फूल आलं. घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून आप्पा अर्धा तास त्याच्यासमोर बसले.

"पोरीला लिवू का?" उमाबाईंनी विचारलं.

"मी कुटं न्हाई म्हनलं?" भिंग न काढता ते म्हणाले. पण स्वतः दोन ओळी खरडल्या नाहीत. इतका हट्टी माणूस!

आणि यंदा मे महिन्यात, एका सकाळी तोंड धुता धुता, आप्पा गेले.

उमाबाईंनी रडणं बाजूला ठेवलं आणि एसटीडी बूथवरून कुन्नूरच्या दवाखान्यात फोन लावायला लावला. शिवकन्या म्हणाली, "निघाले. उद्या सांजच्याला पोचते. आई, मला तोंड बघू दे."

घरी येईपर्यंत धाकटे दीर राजेश्वर यांनी समाधीचा खड्डा खणायला माणसं पाठवली होती. "वहिनी, उन्हाळा लई हाय. आजच माती द्यायला पायजे."

"शिवकन्या यायलीय."

"दादानं सात वर्सं तिचं नाव घेतलं न्हाई. मग कावून थांबायचं?"

"तिच्यासाटी थांबायचं. अन् गारवा कसा राखायचा ते तुमच्या दादानंच मला दाखवलंय."

लिंगायताला मातीत बसवून ठेवतात, त्यामुळे अंग ताठायच्या आत बसवणं भाग होतं. जंगमस्वामींनी आप्पांना माजघरात भिंतीशी मांडी घालून बसवलं, कपाळाला विभूती लावली. मग उमाबाई परसात गेल्या. खोक्याचे वाळ्याचे पडदे काढले, गोणपाट काढलं आणि आप्पांच्या भोवती बांधलं. झाड उघड्यावर, रांजणाच्या सावलीत पडलं. बंकटनं बर्फाच्या लाद्या आणल्या. उमाबाई पडद्यांवर तांब्या-तांब्यानं पाणी मारत राहिल्या. नवऱ्याची इतकी सेवा त्यांनी तो जिवंत असताना केली नव्हती, म्हणजे त्यानं करूच दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या रांजणाशी गेल्या. झाडाची पानं सुरकुतली होती. तेवढ्यात बंकट शेवटची लादी घेऊन आला. तो म्हणाला, "काकू, ह्यातला एक तुकडा झाडाला लावू? आप्पा रोज न्यायचे ओ."

उमाबाईंचा जीव तुटला. तीन वर्षं आप्पांनी लेकीवरची माया कुठं ठेवली होती, तर त्या सालीच्या तुकड्यावर.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "समदा आत लाव."

पाचच्या एसटीनं शिवकन्या आली. उमाबाईंनी दाराकडचा पडदा बाजूला केला. आप्पा बसलेले, तोंड दाराकडे, गळ्यात बेलाची माळ. पोरीनं पिशवी उंबऱ्यातच टाकली आणि खाली बसली. मग सरकत सरकत पुढे गेली आणि बापाच्या गुडघ्याला हात लावला.

"आई, आप्पा माज्यासाटी थांबले."

राजेश्वर काहीतरी बोलणार होते. उमाबाईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते अंगणात निघून गेले. बर्फानं उमाबाईंची बोटं फुटली होती, ती त्यांनी पदरात लपवली.

"थांबले गं," त्या म्हणाल्या. "बोल आता."

शिवकन्या बोलू लागली. लग्नाचं, नवऱ्याचं, दवाखान्याचं, मागल्या साली झालेल्या अन् न राहिलेल्या बाळाचं. सगळं सगळं सांगितलं, आणि आप्पांनी तिला एकदाही मधे तोडलं नाही.