घड्याळवालीचा उजवा कान

घड्याळवालीने छप्पन्नाव्या वर्षी कान टोचून घेतले आणि ही गोष्ट जगात फक्त दोघींना ठाऊक होती. एक टोचणारी मुलगी, आणि दुसरी थोरली बहीण. बहिणीला सांगणं म्हणजे गल्लीला सांगण्यासारखंच होतं, पण एवढा पुढचा विचार करायच्या मनःस्थितीत ती नव्हती. तिचं लग्न ठरलं होतं. पहिलंच.

नवरदेव म्हणजे टपालवाला. नऊ वर्षं रोज अकराच्या सुमाराला तो दुकानात यायचा, सुट्या भागांची पार्सलं काउंटरवर ठेवायचा, ती मान खाली घालून सही करायची, तो "येतो" म्हणायचा आणि जायचा. दहाव्या वर्षी एकदा तो पार्सल नसतानाच आला. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मनगटावरचं चांगलं चालतं घड्याळ काढून म्हणाला, "हे बघता का जरा?" तिने मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावून नीट पाहिलं आणि सांगितलं, "याला काहीही झालेलं नाही."

"मग मलाच झालंय," टपालवाला म्हणाला.

साठीला टेकलेल्या माणसाने असं काही बोलावं! त्या दिवशी घड्याळवालीने एका गिऱ्हाइकाच्या घड्याळात मिनिटकाट्याच्या जागी तासकाटा बसवला.

लग्न ठरल्यावर त्याने एक डबी आणली. आत जांभळ्या मखमलीवर दोन मोती, त्यांच्याभोवती सोन्याची बारीक नक्षी, आणि हलू नयेत म्हणून दोन्ही पांढऱ्या धाग्याने मखमलीवर टाचून ठेवलेले. "आईची कानातली," तो म्हणाला. "सुनेसाठी तिनेच टाचून ठेवली. धागा सुनेनेच तोडायचा, म्हणायची. मी काही सून आणली नाही. ती वाट बघून बघून गेली."

हे त्याने इतक्या साधेपणाने सांगितलं की घड्याळवाली विरघळली, आणि विरघळलेला माणूस नको ते बोलून बसतो. "लग्नाच्या दिवशी धागा तोडीन आणि हीच घालीन," ती म्हणाली. "शब्द देते."

टपालवाला गेला, आणि मग तिला आठवलं की आपल्या कानांना भोकंच नाहीत.

लहानपणी कान टोचायच्या दिवशी ती वडिलांच्या दुकानातल्या लंबकाच्या उभ्या घड्याळात शिरून बसली होती. ओढून काढलं तर लंबक मोडेल म्हणून वडिलांनी तो बेतच रद्द केला, आणि तो पुन्हा कधी कुणी काढला नाही. आता हे टपालवाल्याला सांगावं, तर बिचाऱ्याचं तोंड एवढंसं होणार. आईने जन्मभर राखलेली कानातली, आणि सून निघाली बिनभोकांची! लग्नाला तीन आठवडे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाला कुलूप लावून ती गेली, डोळे घट्ट मिटले आणि टोचून आली. दोन्हीकडे बारकेसे खडे. परत येताना दर दुकानाच्या काचेत बघत होती. एका काचेच्या पलीकडे एक गृहस्थ दाढी करून घेत होते, त्यांनी तिला हसून नमस्कार केला.

सहा दिवस बरे गेले; टपालवाला यायच्या वेळी केस कानांवर घेतले की भागायचं. सातव्या दिवशी डावा कान ठणठणीत आणि उजवा पिकल्या टोमॅटोसारखा. गरम, सुजलेला, आणि खड्याच्या कडेने पिवळं काहीतरी येत होतं.

घड्याळवाली घाबरली, पण कारागीर माणूस हातावर हात ठेवून बसत नाही. चाकं धुवायचं स्पिरिट होतंच, ते लावलं. इतकं झोंबलं की शेजारचा चांभार काय झालं म्हणून बघायला आला. मग घड्याळाचं तेल लावलं, सुईच्या टोकावर मावेल एवढं, कारण चांगल्या जातीचं तेल होतं आणि महाग होतं. संध्याकाळी थोरली बहीण आली. तिने आधी "उतावळी नवरी" म्हणून हसून घेतलं आणि मग खात्रीचा उपाय म्हणून कानावर टूथपेस्ट थापली. सकाळी कानाला पुदिन्याचा वास येत होता आणि सूज दुप्पट झाली होती.

शेवटी बहिणीने आपल्या मुलीला पाठवलं. ही भाची दवाखान्यात नर्स. तिने हात धुतले, मावशीला खिडकीशी बसवलं आणि कान बघून म्हणाली, "मावशी, काय काय लावलंस याला?"

मावशीने सांगितलं. भाचीने डोळे मिटून घेतले.

"आणि फिरवतेस का खडा?"

"म्हणजे काय! सकाळी सगळ्या घड्याळांना चावी देते, तेव्हा यालाही दोन पीळ देते. नाहीतर धरून बसेल ना."

"कानाला चावी देतेस?"

"दोन्ही कानांना. डाव्याला एकच पीळ देते, तो बरा चाललाय."

भाचीला हसू आवरेना. ती हसता हसता थांबली, कारण मावशीने तेवढ्यात सवयीने कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलं. भिंगाची तार उजव्या कानामागून जात होती, आणि बरोबर खड्याच्या मागच्या फिरकीवर टेकत होती.

"ही तार दिवसभर अशीच असते?"

"चाळीस वर्षं असते."

"मग कान काय करणार, मावशी? मागून तार घासतेय, पुढून तू पिळतेयस, वरून आई टूथपेस्ट लावतेय." भाचीने भिंग काढून खणात ठेवलं. "आता ऐक. पाणी उकळून कोमट करायचं, कपभर. त्यात पाव चमचा साधं मीठ. हात साबणाने धुवायचे, स्वच्छ गॉज त्यात बुडवायचा आणि पाच-दहा मिनिटं कानाला धरून बसायचं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मग कागदी रुमालाने अलगद टिपायचं. बास. खडा काढायचा नाही, भोक वरून बुजलं तर पू आत कोंडेल. फिरकी जरा सैल ठेव. उशीचा अभ्रा बदल. ताप आला, सूज वर चढली किंवा दोन दिवसांत उतार पडला नाही, तर मुकाट्याने डॉक्टरांकडे यायचं."

"आणि चावी?"

"कानाला नुसतं बोट लावलंस तरी मी लग्नाला येणार नाही."

"सोनारानेच कान टोचावेत म्हणतात," दारातून थोरली बहीण म्हणाली, "हिचे नर्सने टोचले." आपण काही बोललो की लेक ऐकत नाही आणि धाकटी बहीण मात्र लेकीचं ऐकते, याचा तिला थोडा रागच आला होता.

"पण लग्नात दुसरी घालता येतील ना?" घड्याळवालीने हळूच विचारलं.

"सहा आठवडे हीच. नवी घालायची नाहीत."

लग्नाला दोन आठवडे होते. इथेच तर घोडं पेंड खात होतं. तासाभराचा तर प्रश्न आहे, घड्याळवालीने मनाशी ठरवलं, सह्या होईपर्यंत घालू आणि लगेच काढू. दिलेला शब्द मोडायचा नाही. त्याची आई वाट बघून गेली, आता तोही बघत बसला तर आपण सून कसली!

पुढचे दिवस मोठ्या मजेचे गेले. भिंग तारेशिवाय लावायचं म्हणजे भुवई आणि गाल यांच्यात दाबून धरायचं. वडील तसंच धरायचे. घड्याळवालीने धरलं, ते पहिल्या दिवशी चहात पडलं, दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या पिशवीत. त्यात अकरा वाजता टपालवाला यायचा. डाव्या कानावर केस घेता यायचे, पण दुखऱ्या उजव्यावर केस टेकवायची सोय नव्हती, म्हणून तो दिसू नये अशी ती मान वाकडी करून सही करायची.

"मान आखडलीय का?" त्याने विचारलं.

"हो ना," ती म्हणाली. एकदा खोटं बोललं की ते निभवावं लागतं.

दुसऱ्या दिवशी त्याने शेकायची पिशवी आणली. तिसऱ्या दिवशी मलम. चौथ्या दिवशी मानेचे व्यायाम छापलेला कागद आणला, आणि काउंटरपलीकडे उभं राहून स्वतः करून दाखवले, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. तिला इतकं हसू येत होतं आणि इतकं वाईट वाटत होतं की तिचे डोळे भरून आले. "दुखतंय का हो फार?" टपालवाल्याने घाबरून विचारलं. लग्न ठरूनही दोघं एकमेकांना अहो-जाहोच करायची. बहीण चिडवायची, पण नऊ वर्षांची सवय अशी सुटत नाही.

दोन दिवसांत पू थांबला. आठवड्यात सूज उतरली. घड्याळवाली रोज सकाळी सगळ्या घड्याळांना चावी द्यायची आणि मग हात पाठीमागे बांधून उभी राहायची. गिऱ्हाइकांना जन्मभर सांगत आली होती, घरी नेल्यावर उगाच छेडू नका, चालू दे आपलं आपण. स्वतःवर वेळ आल्यावर ते किती अवघड असतं ते आता कळत होतं. लग्नाच्या दिवशी सकाळी उजवा कान फक्त किंचित गुलाबी होता, आणि लग्नाच्या दिवशी थोडं गुलाबी असायला कुणाची हरकत नसते.

नोंदणी कार्यालयाच्या बाहेर बाकावर पाचजणं बसली. नवरा, नवरी, आणि साक्षीदार म्हणून बहीण, भाची आणि शेजारचा चांभार. घड्याळवालीने केस मुद्दाम कानांवर घेतले होते. तिने पर्समधून डबी आणि छोटी कात्री काढली. भाचीने डोळे वटारले. मावशीने सरळ कानाडोळा केला आणि एकेक टाका कापत धागा तोडला. मोती तळहातावर घरंगळले.

तिने ते उलटे केले. कुठलीही वस्तू हातात आली की आधी मागची बाजू बघायची, हा तिचा धर्म. या डबीतल्या वस्तूंची मागची बाजू मात्र तिने आजवर पाहिलीच नव्हती. मागे ना काडी, ना फिरकी. होता तो एक चिमुकला चिमटा, आत पानासारखी बारीक स्प्रिंग.

"हा चिमटा आहे," ती म्हणाली.

"हो," टपालवाला म्हणाला. "आईचे कान टोचलेले नव्हते. सुईला फार भ्यायची. वडिलांनी खास करून घेतली होती."

घड्याळवालीने केस मागे सारले. टपालवाल्याने खडे पाहिले, गुलाबी पाळी पाहिली, आणि तो बाकावरून उठूनच उभा राहिला.

"हे कधी केलंत? तुमचे कान तर..."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"नऊ वर्षं तुम्ही मान खाली घालून सही करताय," तो म्हणाला. "मला दुसरं काय दिसणार? कपाळावर भिंग आणि उजवा कान. पहिल्याच दिवशी बघितलं, भोक नाही. आईसारखा कान आहे म्हटलं. म्हणून तर पार्सल नसताना आलो."

"पहिल्या दिवशी पाहिलंत आणि आलात दहाव्या वर्षी?"

"पोचवायला उशीर झाला," टपालवाला कबूल झाला.

बहीण आधी हसली आणि मग रडली. घड्याळवालीने तेवढ्यात मोती उचलून कानाकडे नेला, पण भाचीने तिचं मनगट वरच्या वर पकडलं. "त्या कानांना चिमटा लावायचा नाही, दोन्हीपैकी एकालाही नाही. आत्ता कुठे भरतायत."

"अगं, पण शब्द दिलाय मी! लग्नात घालायची म्हणून!"

"कुणी घालायची ते नाही ठरलं," टपालवाला म्हणाला, आणि तिच्या हातून मोती घेऊन त्याने एक डाव्या कानाला लावला, एक उजव्या कानाला.

तेवढ्यात आतून हाक आली. नोंदणी अधिकाऱ्याने कागदांवरून वर पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "नवरी कोण?" त्याने विचारलं.

"मी," घड्याळवाली म्हणाली, आणि तिला जे हसू सुटलं ते सही करतानाही थांबेना. तिची सही कागदावर आजही हललेली दिसते.

संध्याकाळी दुकानामागच्या खोलीत दोघं कोमट मिठाचं पाणी घेऊन बसली. तिची तर नेहमीची वेळ होती. त्याच्या दोन्ही पाळ्या लालबुंद झाल्या होत्या, कारण इतकी वर्षं न उघडलेली ती स्प्रिंग अजून भलतीच ताठ होती. तिने गॉजचे दोन तुकडे बुडवले, एक त्याच्या कानाला धरला, एक आपल्या. "मान आखडलीच नव्हती तर," तो म्हणाला. "नव्हती," ती म्हणाली. पाच मिनिटं होताहोता त्याला राहवेना, त्याने हळूच बोट कानाकडे नेलं.

तिने त्या बोटावर चापट मारली. "हात लावू नकोस रे त्याला!"

बोलून गेली आणि स्वतःच दचकली. टपालवाल्याने गॉजसकट तिचा हात कानावर तसाच दाबून धरला.

"परत म्हण," तो म्हणाला.