हवेची वाट

“आधी पाणी बंद करा,” धाकट्याने काठावरून सांगितलं.

तळ्यात अंथरलेलं काळं प्लास्टिकचं अस्तर मधोमध म्हशीच्या पाठीसारखं पाण्याबाहेर आलं होतं. खाली हवा कोंडली होती. अशीच फुगत राहिली तर सांधे उसवणार आणि सगळी मेहनत पाण्यात जाणार.

खरं तर हवा कोंडायला नको होती. अस्तराखाली जाड कापड होतं, तळाला उतार होता. त्या वाटेने हवा वर सरकायची आणि काठाजवळ मुद्दाम ठेवलेल्या भोकांतून निघून जायची. धाकटा पहिल्या भोकापाशी गेला. त्यावर ठिगळ होतं. पुढच्यावरही. कडा नीट वितळवून बसवलेलं, कुठे सुरकुती म्हणून नाही. असं काम एकाच माणसाचं.

दादा गाडीच्या सावलीत बसला होता. आईबाप गेल्यावर त्यानेच धाकट्याला वाढवलं, अस्तर जोडायला शिकवलं. हल्ली तो बोलता बोलता अडायचा, स्वतःच्या गल्लीच्या तोंडाशी घुटमळायचा. “यांना कामावर नेऊ नका, भावजी,” असं वहिनी म्हणाली होती. धाकट्याने मनावर घेतलं नव्हतं.

“ही भोकं कोणी बुजवली?” काठावर आलेल्या इंजिनियरने विचारलं.

“मी,” धाकटा पुढे होऊन म्हणाला. “फाटलंय असं वाटलं. चुकलं साहेब.”

इंजिनियर बोलायचं ते बोलला. धाकट्याने ऐकून घेतलं, ठिगळं कापून काढली आणि अनवाणी पाण्यात उतरून फुगवटा पायाने काठाकडे रेटू लागला. जरा वेळाने दादाही विजार दुमडून शेजारी आला. दोघं मिळून रेटत राहिले. काठावरच्या भोकांतून हवा फुसफुसत होती.

“माझ्या हातून झालं ना रे?” दादाने विचारलं.

धाकट्याला थाप मारवेना. “हो, दादा.”

“मला आठवतच नाही.” दादा पायाखाली बघत राहिला. “ठिगळ पक्कं होतं का पण?”

“निघता निघत नव्हतं.”

“हं.” दादाने पुन्हा पाय रेटला. “उद्यापासून मला कामाला उठवू नकोस.”

“बरं.”

ऊन कललं तेव्हा अस्तर तळाला टेकलं. इंजिनियरने पुन्हा पाणी सोडायला सांगितलं.

परतताना दादाला गाडीतच झोप लागली. घर आलं. धाकट्याने इंजिन बंद केलं. वहिनी दारात आली, तेव्हा त्याने हातानेच तिला थांबायची खूण केली आणि तसाच बसून राहिला.